गोळी आपोआप सुटत नाही

विषयाचे नाव फलकावर वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, हे आम्ही जाणतो. वसंत व्याख्यानमालेच्या मांडवात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचे काय काम? आपल्यापैकी बहुतेकांनी हत्यार कधी हाती धरलेले नाही आणि धरण्याची इच्छाही नाही. पण बँकेच्या दाराशी बंदूकधारी रक्षक उभा असतो, पैशांच्या गाडीतून हत्यारी माणूस उतरतो, ओळखीच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या कपाटात परवान्याचे रिव्हॉल्व्हर असते, आणि वरातीत कुणाला तरी हवेत बार काढण्याची हुक्की येते. चुकून सुटलेली गोळी परवाना कुणाच्या नावाचा आहे हे पाहून लागत नाही. म्हणून हा विषय हत्यार बाळगणाऱ्यांइतकाच न बाळगणाऱ्यांचाही आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने तो का मांडावा, असेही कुणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. अपघात हा आमचा रोजचा विषय. कारखान्यात बोट तुटले, हात गेला, की चौकशीच्या कागदावर एक ठरलेले वाक्य येते: ‘कामगाराच्या हलगर्जीपणामुळे अपघात घडला.’ हे वाक्य लिहिले की फाईल बंद होते. आमच्या मते खरी चौकशी तेथूनच सुरू व्हायला हवी. हत्याराच्या अपघातालाही आम्ही हाच न्याय लावतो.

१ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत चित्रपट अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. शस्त्रक्रियेने ती काढण्यात आली आणि जिवावरचे संकट टळले. दुसऱ्या दिवशी ‘रिव्हॉल्व्हर मिसफायर झाले’ असे पुष्कळांच्या तोंडी होते. हा शब्द आपल्याकडे सर्रास उलट्या अर्थाने वापरला जातो. मिसफायर म्हणजे चाप ओढूनही गोळी न सुटणे. नको असताना सुटली, तर तो मिसफायर नव्हे. शब्दाची ही चूक आम्ही मुद्दाम दाखवतो, कारण तिच्यामागे एक समजूत दडलेली आहे: हत्यार जणू लहरी जनावर आहे, त्याला वाटले आणि त्याने लाथ मारली! ही समजूत आधी मनातून काढली पाहिजे.

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेचे नळकांडे, त्याच्या बुडाशी छोटी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. टोपीवर पुरेसा ठोका बसला की तिच्यातला मसाला पेटतो, त्याने दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. बोलताना आपण चापालाही घोडा म्हणतो, म्हणून येथे भेद सांगून ठेवतो. बोटाने ओढायचा तो चाप. मागून आपटणारा तो घोडा. टोपीला एवढेच कळते की ठोका बसला. तो कुणी मारला, का मारला, मनात होता की नव्हता, हे तिला कळत नाही. तेव्हा प्रश्न एकच उरतो: नको असताना ठोका बसतो कसा? त्याच्या तीन वाटा आहेत.

पहिली वाट हत्यार पडण्याची. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची चोच भरल्या काडतुसाच्या टोपीला टेकूनच बसे. १८७३ सालच्या कोल्ट कंपनीच्या प्रसिद्ध रिव्हॉल्व्हरची रचना अशीच होती. ते घोड्याच्या बाजूने जमिनीवर पडले की चाप न ओढताही गोळी सुटे. म्हणून शहाणी माणसे सहा घरांच्या चक्रीत पाचच काडतुसे भरीत आणि घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. पुढे अमेरिकेच्या आयव्हर जॉन्सन कंपनीने घोडा आणि ठोका मारणारी टाचणी यांच्यामध्ये एक पट्टी बसवली. चाप शेवटपर्यंत ओढला तरच ती वर येते आणि ठोका टाचणीपर्यंत पोचवते. एरवी घोड्यावर काहीही आपटले तरी ठोका वाटेतच राहतो. आपल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर खुशाल हातोडी मारून पाहा, अशा अर्थाची जाहिरात ती कंपनी करीत असे. तरीही दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, अमेरिकेच्या एका युद्धनौकेच्या पोलादी डेकवर स्मिथ अँड वेसन कंपनीचे रिव्हॉल्व्हर पडले, गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर त्या कंपनीने घोड्याच्या वाटेत नवा पोलादी अडसर बसवला. रूगर कंपनीने आपल्या जुन्या पद्धतीच्या रिव्हॉल्व्हरांत मधली पट्टी आणली ती १९७३ साली. ही सारी गतकाळची गोष्ट असेही समजू नका. २०१७ साली सिग सॉअर कंपनीचे पी-३२० हे आधुनिक पिस्तूल विशिष्ट कोनात पडल्यास सुटते असे चाचण्यांत दिसले आणि कंपनीला त्याचे आतले भाग बदलून द्यावे लागले.

या इतिहासाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ‘पाचच काडतुसे भरा’ हा उपदेश शंभर वेळा केला तरी विसरणारा विसरतोच. अडसर एकदा बसवला की तो विसरत नाही. कारखान्यातल्या पॉवर प्रेसचेही हेच आहे. ‘हात सांभाळ’ अशी पाटी लावून बोटे वाचत नाहीत. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस खाली येणारच नाही, अशी रचना केली की हात आपोआपच साच्याबाहेर राहतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी कामगारावर न टाकता कारखाना चालवणाऱ्यावर टाकली, ती याच विचाराने.

येथे एक व्यावहारिक सूचना. हत्यार हातातून निसटलेच तर ते झेलू नका, पडू द्या. आजची चांगल्या घडणीची, शाबूत हत्यारे पडण्याने सहसा सुटत नाहीत. पण घाईने झेलायला गेलेले बोट नेमके चापात अडकते आणि त्या वेळी नळी कुठे वळलेली असेल याचा नेम नसतो.

दुसरी वाट ‘रिकामे आहे’ या समजुतीची. आमच्या मते सर्वांत फसवी वाट हीच. पिस्तुलाच्या मुठीत काडतुसांची डबी असते, तिला मॅगझीन म्हणतात. मॅगझीन काढले की पिस्तूल रिकामे झाले, असे नवख्याला वाटते. परंतु एक काडतूस त्याआधीच वर नळीच्या घरात जाऊन बसलेले असू शकते, आणि मॅगझीन काढल्याने ते हलत नाही. कित्येक पिस्तुले मॅगझीन नसतानाही ते एक काडतूस उडवतात. आता क्रमाची गंमत पाहा. आधी मॅगझीन काढले आणि मग वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढली, तर घरातले काडतूस बाहेर पडते आणि पिस्तूल रिकामे होते. तीच दोन कामे उलट्या क्रमाने केली, तर स्लाइड मागे ओढताना एक काडतूस बाहेर पडते, पुढे जाताना मॅगझीनमधले दुसरे घरात शिरते, आणि मग मॅगझीन काढून माणूस निर्धास्त होतो! काडतूस बाहेर पडलेले त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते, म्हणून त्याची खात्री अधिकच पक्की. पुढे तो साफसफाईसाठी किंवा मित्राला दाखवण्यासाठी चाप ओढतो. म्हणून क्रम पाठ हवा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझीन, मग स्लाइड; ती मागे अडकवून घरात डोळ्यांनी पाहायचे आणि अंधार असेल तर बोटाने चाचपायचे. रिव्हॉल्व्हर असेल तर चक्री उघडून सगळी घरे मोजायची.

तिसरी वाट बोटाची. बोट चापावर असले तरी मी ओढल्याशिवाय चाप कसा ओढला जाईल, असे पुष्कळांना वाटते. शरीराचे कायदे निराळे आहेत. एकाएकी मोठा आवाज झाला, कुणी मागून हात लावला, तर माणूस दचकतो आणि मुठी आवळतो. पाय घसरला की तोल सावरताना मूठ आवळते. डाव्या हाताने दार जोराने ओढले किंवा कुणाला धरले, तर उजव्या हाताची बोटेही त्याबरोबर आवळू पाहतात. या तिन्ही वेळी मनाला विचारायला अवसर नसतो. चापावर ठेवलेले बोट म्हणजे शिस्तीचा भंग, मग तो माणूस कितीही अनुभवी असो. खिशात किंवा कमरेच्या म्यानात पिस्तूल घालताना तर बोटाचीही गरज लागत नाही. सदऱ्याचा काठ चापात अडकला तरी तो ओढला जातो. म्हणून हत्यार म्यानात घालताना घाई नको, आणि खिशात किल्ल्या, नाणी यांच्याबरोबर ते कधीच नको.

आता नियमांकडे येऊ. अमेरिकेतील जेफ कूपर या नेमबाजीच्या शिक्षकाने चार नियम लोकप्रिय केले आणि थोड्याफार फरकाने ते पुष्कळ ठिकाणी शिकवले जातात. त्यांचा आशय असा. प्रत्येक हत्यार भरलेले आहे असेच समजून वागावे. ज्याचा नाश व्हावा असे आपल्याला वाटत नाही, त्याच्यावरून नळी फिरू देऊ नये. नेम धरून गोळी झाडण्याचा निश्चय होईपर्यंत बोट चापाबाहेर सरळ ठेवावे. आणि लक्ष्य कोणते, त्याच्या मागे काय आहे, हे जाणून घ्यावे. पातळ फळ्यांच्या भिंतीपलीकडेही माणूस असू शकतो.

चार नियम कशाला, एक पुरणार नाही काय? यातच साऱ्या विषयाचे सार आहे. माणूस चुकतो, हे गृहीत धरून हे नियम रचले आहेत. रिकामे समजण्याची चूक झाली, पण बोट बाहेर होते, तर गोळी सुटत नाही. बोटही चुकले, पण नळी जमिनीकडे होती, तर फरशी फुटते आणि माणूस वाचतो. रक्त सांडायला दोन-तीन नियम एकाच क्षणी मोडावे लागतात. हे एकामागे एक लावलेले दरवाजे आहेत. एखादा उघडा राहील. सगळे एकदम उघडे राहू नयेत, एवढी काळजी घ्यायची.

चाप ओढूनही गोळी सुटली नाही, म्हणजे खरा मिसफायर झाला, तर लगेच उघडून पाहू नये. दारू कधी कधी उशिरा पेटते. निदान अर्धा मिनिट नळी सुरक्षित दिशेला धरून थांबावे आणि मगच उघडावे.

घरातील व्यवस्थेविषयी थोडक्यात. हत्यार रिकामे करून कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. उशीखालचे किंवा गादीखालचे हत्यार चोराआधी नातवाच्या हाती लागते. दारू पिऊन हत्याराला हात लावू नये. खंडेनवमीला आपण कारखान्यात यंत्रांची पूजा करतो. ज्यांच्या घरी हत्यार आहे ते हत्यार पुसून पूजेला ठेवतात. प्रथा चांगली, पण पुसण्याआधी ते उघडून पाहावे आणि काडतुसे त्या खोलीतही असू नयेत. हवेत काढलेला बारही कुठेतरी खाली येतोच. समारंभात बेपर्वाईने गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरला असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

आता आमच्या मुख्य गाऱ्हाण्याकडे वळतो. ब्रिटिश लष्करात नको असताना सुटलेल्या गोळीला ‘अपघाती’ न म्हणता ‘हलगर्जीपणाची’ म्हणतात आणि सैनिकाला शिक्षा होते. हा शब्द आम्हाला तेथे मान्य आहे, कारण त्या सैनिकाला आधी शिकवलेले असते, त्याच्याकडून नियम घोटून घेतलेले असतात. पण आपल्या शहरातल्या रक्षकाचे काय? महाराष्ट्रात खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, देशासाठी सुरक्षा संस्थांच्या नियमनाचा २००५ चा कायदा आहे. तरीही रक्षक आमच्याकडे येऊन सांगतात, ‘साहेब, बंदूक दिली, पट्टा दिला, शिकवले कुणी नाही. एकावर एक दोन पाळ्या झाल्या, डोळा लागत होता.’ अशा माणसाच्या हातून उद्या बार उडाला, तर कागदावर पुन्हा तेच वाक्य येणार. बोट त्याचे होते, हे खरे. बोटाला वळण न लावणारा आणि त्याला सोळा तास उभे करणारा कोण, हा प्रश्न त्या वाक्यात बुडून जातो.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. हत्यार देण्यापूर्वी प्रत्यक्ष शिक्षण आणि दर वर्षी उजळणी. हत्याराची नियमित तपासणी, जुने झिजलेले असेल तर बदल. पाळी बदलताना हत्यार रिकामे करण्यासाठी वाळूने भरलेले पिंप, जसे लष्करी ठाण्यांत असते. चूक झालीच तर गोळी वाळूत जावी. आणि हत्यारी रक्षकाला दुसरी पाळी नाही. बँकेत जाणाऱ्या आपणा नागरिकांचा जीवही यातच गुंतलेला आहे. म्हणून ही मागणी रक्षकांइतकीच आपलीही आहे.

ज्यांच्या घरी हत्यार नाही त्यांनीही दोन गोष्टी अंगी बाणवाव्यात. कुणी कौतुकाने हत्यार पुढे केले, तर उघडून रिकामे दाखवल्याशिवाय हातात घेऊ नये. यात कुणाचा अपमान नाही, जाणता माणूस उलट खूश होईल. आणि नळी आपल्याकडे वळली, तर भीड न धरता, ‘नळी बाजूला करा,’ असे स्पष्ट सांगावे. धरणारा कितीही मोठा माणूस असो, त्या क्षणी बोलण्याचा अधिकार नळीसमोर उभ्या असलेल्याचा आहे.