शामोनीची हिमनदी आणि ‘कांचनजंगा’

अकोले तालुक्याच्या सीमेवरील कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर १,६४६ मीटर उंच आहे. फ्रान्समधील शामोनी हे चिमुकले शहरच १,०३५ मीटरवर वसले असून, वर सुमारे ४,८०० मीटर उंचीचा मों ब्लां उभा आहे. पहिले हिवाळी ऑलिंपिक १९२४ मध्ये येथेच झाले. पर्यटक प्रामुख्याने येतात ते ३,८४२ मीटरवर नेणाऱ्या रोपवेसाठी.

भारतीय प्रवाशाने मात्र बोसों हिमनदीही आवर्जून पाहावी. २४ जानेवारी १९६६ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे विमान जिनिव्हाकडे उतरताना मों ब्लांवर आदळले. डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण मृत्युमुखी पडले.

हिमनदी स्थिर नसते. स्वतःच्याच भाराने तिचा बर्फ वर्षानुवर्षे उताराकडे सरकतो. पोटात गाडलेल्या वस्तूही सोबत खाली येतात आणि बर्फ वितळला की उघड्या पडतात. २०१२ मध्ये टपालाची थैली सापडली, २०१३ मध्ये रत्नांची पेटी. २०२० मध्ये मिळालेली भारतीय वृत्तपत्रे वाळवल्यावर वाचता येत होती. इंदिरा गांधी पंतप्रधानपदी निवडून आल्याची ठळक बातमी त्यांत होती.