ग्रंथ आणि बोली

उटनूरच्या श्रोत्यांपुढे भाषांतराविषयी बोलताना मराठीच्या प्राध्यापकाने सावध असावे. येथे घरात गोंडी किंवा कोलामी, बाजारात मराठी आणि कचेरीत तेलुगू असा अनेकांचा दिवस जातो. धर्मग्रंथ यांपैकी कोणत्या भाषेत आणावा, हा प्रश्न केवळ पंडिती नव्हे.

विल्यम कॅरीने बंगालमधील श्रीरामपुरात बसून १८११ साली मराठी ‘नवा करार’ छापला, तोही मोडी लिपीत. महाराष्ट्रात तो कधी राहिला नव्हता. त्याच्या मदतीला वैजनाथ पंडित होते. अशा पंडितांची नावे मुखपृष्ठावर येत नसत, हे मला नेहमी खटकते. पंडिता रमाबाईंनी केडगावला वेगळी वाट धरली. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल खेड्यातल्या अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा मराठीत उतरविले. संस्कृतच्या या विदुषीने संस्कृत शब्द हेतुपुरस्सर टाळावेत, यातच त्यांची दृष्टी दिसते. जुळणी-छपाई मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केली. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या आणि ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. तो सर्वत्र रूढ मात्र झाला नाही.

माझ्या मते ग्रंथाने वाचक मिळतात. समाज मात्र गाण्याने बांधला जातो. नगर भागातील ख्रिस्ती मंडळी नारायण वामन टिळकांची भजने टाळ घेऊन म्हणू लागली, तेव्हा तो धर्म त्यांना परका राहिला नाही. गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ सालीच हे ओळखले होते. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ म्हणजे अनुवाद नव्हे, ओवीबद्ध पुराणच.

आणि गोंडी? १९४० मध्ये कुमरम भीम मारला गेल्यानंतर हायमेनडॉर्फ या भागात आले. १९४३ साली मारलवाईला शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडी वाचनपाठ देवनागरीत छापले गेले. गुंजाळ्याची गोंडी लिपी जगापुढे आली ती पुष्कळ नंतर, या शतकात.

तत्पूर्वीच, १९०६ साली, ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात उधळ्या पुत्राचा दाखला गोंडीत छापला गेला होता. हेतू धर्मप्रसाराचा नव्हता; त्या गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामे आणि बहुतेक काळ येतात, म्हणून ती व्याकरणाला सोयीची. माझ्या एका गोंड विद्यार्थ्याच्या आजीला मी तो उतारा अडखळत वाचून दाखविला. “बोली आमचीच, पण आमच्या गावची नव्हे,” त्या म्हणाल्या. मग ती गोष्ट त्यांनी नातवाला आपल्या शब्दांत पुन्हा सांगितली आणि मला विचारले, “धाकटा घरी आला, ते बरं झालं. पण रुसलेला थोरला शेवटी घरात गेला का?”

मला सांगता आले नाही. मूळ कथेतही ते सांगितलेले नाही.