माकडतापाची उलटतपासणी

काजूच्या हंगामात तापाला कोणी फारसे विचारत नाही. बोंडू गळत असतात, भट्ट्या पेटलेल्या असतात, हुर्राकाचे, म्हणजे काजूच्या रसाच्या दारूचे, गिऱ्हाईक दारात उभे असते. अंग मोडून आले तर माणूस एक गोळी घेतो आणि पुन्हा बागेत जातो. गोव्यात मुळगावातून डिचोली, साखळी करत पूर्वेला वाळपईकडे गेले की सत्तरी तालुका लागतो. तिथल्या पाली गावात २०१५ साली असाच ताप आला. तो मलेरियाचा नव्हता, डेंगीचाही नव्हता. तो ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ होता, म्हणजे आपल्याकडच्या बोलीत माकडताप. पुढच्या वर्षी डिचोलीला उत्तरेकडून खेटून असलेल्या दोडामार्ग तालुक्यात, केर गावी तो दिसला आणि मग सावंतवाडी तालुक्यात बांद्याला.

हा ताप पसरवणाऱ्या गोचिडांवरची धूळफवारणी, मेलेली माकडे, अंगाला लावायचे तेल, हे सगळे वर्तमानपत्रांत आले. हा ताप माकडतापच आहे हे प्रयोगशाळेत कसे ठरते, ते मात्र कोणी नीट सांगितले नाही. कोविडनंतर तर लोकांच्या मनात ‘आरटी-पीसीआर’ म्हणजेच विज्ञान, असे बसले आहे. नाकात काडी घालायची आणि दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह की निगेटिव्ह ते कळायचे. मला हे अर्धेच खरे वाटते. विषाणूला जनुके असतात आणि प्रथिनेही असतात. दोघांची साक्ष वेगवेगळी काढावी लागते आणि ती नेहमी जुळतेच असे नाही. माकडतापाचा इतिहास पाहिला तर प्रथिनांची साक्ष आधी झाली, जनुकांची कितीतरी नंतर.

१९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरू लागली, आणि आसपासच्या गावांत माणसेही. पुण्याचे व्हायरस रिसर्च सेंटर तेव्हा पाच वर्षांचे होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ते १९५२ मध्ये काढले होते; आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, एनआयव्ही, ती हीच. शास्त्रज्ञांना पहिली धास्ती पीतज्वराची वाटली, कारण दक्षिण अमेरिकेत पीतज्वराने माकडे मरतात. भारतात हा रोग कधी आलेला नव्हता. तो शिरला असता तर कोणाच्याच अंगात त्याच्याशी लढायची तयारी नव्हती.

डीएनएची रचना कळून तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. जनुक वाचायची सोय जगात कुठेच नव्हती. मग ओळख पटवली ती अशी: रक्तातला आणि मेलेल्या माकडांच्या अवयवांतला विषाणू उंदरांच्या तान्ह्या पिल्लांत वाढवला आणि तो माहीत असलेल्या विषाणूंच्या प्रतिपिंडांसमोर ठेवला. प्रतिपिंड हे शरीराने बनवलेले प्रथिन. ते ठरावीक विषाणूच्या अंगावरच्या ठरावीक प्रथिनाला जाऊन चिकटते. पीतज्वराशी जुळले नाही. जुळले ते सैबेरियाच्या बाजूला गोचिडांतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या कुळाशी. सह्याद्रीच्या पायथ्याला रशियाच्या बर्फाळ जंगलातल्या विषाणूचा नातलग! विषाणूचे एकही जनुकाक्षर न वाचता त्याचे घराणे सापडले होते.

या पद्धतीची किंमत जबर होती. जिवंत विषाणू वाढवायचा म्हणजे तो हाताळायचा, आणि हा विषाणू प्रयोगशाळेतल्या माणसांनाही सोडत नाही. पुण्यात काम करणाऱ्यांपैकी अनेकांना त्याची लागण झाली आणि पुढे त्यावरचे काम कित्येक वर्षे थांबवावे लागले. जिवंत विषाणूशी निर्धास्त झटापट करता येईल अशी सर्वोच्च सुरक्षा पातळीची, बीएसएल-४ दर्जाची प्रयोगशाळा पुण्यात पाषाणला उभी राहायला २०१२ साल उजाडले.

जनुकांच्या तपासणीने केलेली मोठी सोय इथे लक्षात येते. ती केवळ वेगाची नाही. जनुक वाचायला विषाणू जिवंत लागत नाही. रुग्णाचे रक्त नळीत आले की त्यातल्या थोड्या भागावर ग्वानिडीनचे तीव्र क्षार असलेले द्रावण ओततात. विषाणूचे वेष्टण फाटते, प्रथिनांच्या घड्या मोडतात, संसर्ग करायची ताकद संपते. उरतो तो त्याचा आरएनए. सिलिकाच्या बारीक पडद्यावर तो चिकटतो, अल्कोहोलने धुतला जातो आणि शेवटी थोड्याशा पाण्यात उतरवून घेतला जातो. धोका आहे तो हा टप्पा पार पडेपर्यंत.

माकडतापाच्या विषाणूचा आरएनए सुमारे ११ हजार अक्षरांचा. एकच सलग धागा, आणि त्यावरून ३,४१६ अमिनो आम्लांचे एकच लांबलचक प्रथिन तयार होते. विषाणूला त्यातून दहा वेगळी प्रथिने हवी असतात. म्हणजे अबोलीचा एक लांब वळेसर गुंफायचा आणि मग नेमक्या जागी कात्री लावून त्याचे दहा तुकडे करायचे, तसा हा प्रकार. कात्री थोडी पेशीची, थोडी विषाणूची स्वतःचीच. दहापैकी तीन प्रथिने विषाणूचे शरीर बांधतात. त्यांतले ‘ई’ नावाचे प्रथिन पृष्ठभागावर असते, तेच पेशीला पकडते आणि आपली प्रतिपिंडे प्रामुख्याने त्याच्यावरच तुटून पडतात. उरलेली सात पेशीत शिरल्यावरची कामे बघतात. त्यांतले शेवटचे आणि सर्वांत मोठे ‘एनएस-५’ आरएनएच्या नकला काढते. हे काम इतके नाजूक की त्याच्या जनुकात फारसा बदल खपत नाही. एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी माकडतापासाठी रिअल-टाइम आरटी-पीसीआर बसवली, तेव्हा निशाणा धरला तो याच एनएस-५च्या न बदलणाऱ्या भागावर. वेष बदलणाऱ्याला त्याच्या हाताच्या ठशावरून धरावे, तेवढी साधी अक्कल यामागे आहे.

आता यंत्र. थर्मल सायक्लर दिसायला अगदीच रुक्ष असतो. टेबलावर मावणारी एक पेटी, आत ९६ खळगे असलेला धातूचा ठोकळा. हा ठोकळा तापवायचा आणि निववायचा, एवढेच त्याचे काम. कमाल आहे ती हे किती भरभर आणि किती अचूक करतो यात. आधी आरएनएवरून डीएनए बनवतात. हे उलटे काम करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे शोधले, आणि तोपर्यंत माहिती डीएनएकडून आरएनएकडेच जाते असे पाठ्यपुस्तके बजावत होती. मग सुमारे ९५ अंशांवर डीएनएचे दोन पदर सुटे होतात. साठच्या आसपास उतरले की विशेक अक्षरांचे ‘प्राइमर’ नावाचे छोटे तुकडे आपापल्या जागी बसतात आणि विकर तिथून पुढे नवा पदर विणत जाते. एका फेरीत एकाचे दोन. तीस फेऱ्यांत, सगळे सुरळीत झाले तर, एकाचे शंभर कोटींहून जास्त.

ही कल्पना कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात रात्री गाडी चालवताना सुचली आणि दहा वर्षांनी तिला नोबेल मिळाले. पण पहिल्या प्रयोगांतले विकर ९५ अंशांना टिकत नसे. प्रत्येक फेरीनंतर नळी उघडून नवे घालावे लागे. सुटका केली ती अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या कढत झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूच्या उष्णता सोसणाऱ्या विकराने. थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तो जिवाणू साठच्या दशकात वेगळा केला होता, निव्वळ कुतूहल म्हणून. पीसीआर तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती. संशोधनाच्या प्रस्तावात ‘समाजाला उपयोग काय’ असा रकाना भरायला लावणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

नळीत चमकणारा एक प्रोबही असतो. हवा तो तुकडा तयार झाला की प्रकाश वाढतो आणि पडद्यावर रेषा वर उचलली जाते. ती कितव्या फेरीला उचलली, ती ‘सीटी व्हॅल्यू’. हा आकडा जितका लहान, तितका विषाणू जास्त. दहाचा फरक म्हणजे जवळजवळ हजारपट. प्रत्येक रनमध्ये एका नळीत नमुनाच घालत नाहीत. तिच्यात रेषा उचलली गेली तर सगळा रन बाद. कारण या तंत्राची ताकद हाच त्याचा शाप आहे: मागच्या रनमधला एखादा तुकडा हवेतून आला तरी यंत्र त्याचीही इमानेइतबारे कोट्यवधी पिल्ले काढते. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत मिश्रण बनवायची खोली वेगळी, नमुना घालायची वेगळी, यंत्राची वेगळी, आणि माणसाने उलट दिशेने फिरायचे नाही.

गोव्याला या यंत्राची खरी ओळख झाली ती मार्च २०२० मध्ये. तोवर कोविडचे नमुने पुण्याला जात होते. नौदलाच्या डॉर्नियर विमानातून गोवा मेडिकल कॉलेजची तुकडी पुण्याला जाऊन तपासणी शिकून आली आणि बांबोळीत काम सुरू झाले. सत्तरीला मात्र त्याची झलक आधीच मिळाली होती. पालीच्या तापानंतर पुणे आणि मणिपाल इथल्या विषाणूतज्ज्ञांचा या तालुक्याशी संबंध आला. एनआयव्हीच्या पाहणीत काजूच्या बागांत राबणाऱ्या मजुरांना या रोगाचा धोका दिसून आला. ते स्वाभाविकच आहे. हा विषाणू पसरवणाऱ्या गोचिडाची पिल्ले हिवाळा सरता सरता पाचोळ्यात सुळसुळतात, आणि बोंडू वेचणारा माणूस त्याच पाचोळ्यात हात घालतो. माणसाकडून माणसाला मात्र हा रोग होत नाही.

गोचीडही तपासतात. पांढरे फ्लॅनेलचे कापड जंगलाच्या जमिनीवरून ओढत न्यायचे, चिकटलेले गोचीड चिमट्याने काढायचे, जातवार वेगळे करायचे आणि गटागटाने वाटून त्यांचा आरएनए काढायचा. माकड मेल्याचे वेळीच कळले तर त्याचे अवयवही जातात. इथे पीसीआरला तोड नाही, कारण मेलेल्या माकडाला ‘ताप कधी आला’ हे विचारता येत नाही.

माणसाला विचारावे लागते. तापाच्या पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणूचा आरएनए सापडतो, नंतर तो ओसरत जातो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम नावाची प्रतिपिंडे दिसू लागतात आणि काही महिने टिकतात. म्हणजे दहा-बारा दिवस अंगावर काढून आलेल्या मजुराची पीसीआर निगेटिव्ह आली, तर त्याला माकडताप नव्हता असे म्हणता येत नाही. त्याची साक्ष आता प्रथिनांकडे आहे. त्यासाठी एलायझा. पुन्हा ९६ खळग्यांचीच ताटली, पण प्लास्टिकची, आणि तापवण्या-निववण्याच्या फेऱ्या नसलेली. तळाला लावलेली प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तातले आयजीएम धरून ठेवतात, त्यावर विषाणूचे प्रथिन घालतात, त्यावर रंग आणणारे विकर जोडलेले दुसरे प्रतिपिंड. ओळख पटली तर खळगा निळा होतो आणि आम्ल घातले की पिवळा. या साक्षीतही खोट आहे: डेंगी आणि जपानी मेंदूज्वर हे याच मोठ्या कुळातले, आणि प्रतिपिंडांना कधी कधी चुलतभावांतला फरक कळत नाही. म्हणून नमुन्यासोबतच्या कागदावर ताप आल्याची तारीख हवी. रोजंदारीवरचा माणूस ती अंदाजाने सांगतो आणि तंत्रज्ञाला मग दोन्ही चाचण्या लावाव्या लागतात.

जनुकांच्या बाजूने बोलायचे तर एक प्रश्न असा आहे, ज्याचे उत्तर प्रतिपिंडे देऊच शकत नाहीत: हा विषाणू आला कुठून आणि कधी? १९५७ ते २००६ या काळात गोळा झालेल्या विषाणूंची जनुके शेजारी ठेवून संशोधकांनी २००९ मध्ये मांडले की त्यांतला फरक अगदी थोडा, एक-सव्वा टक्क्याचा आहे, आणि सगळ्यांचा समाईक पूर्वज १९४२च्या सुमाराचा असावा. दोनच वर्षांत दुसऱ्या गटाने संपूर्ण जनुकसंच घेऊन हिशेब केला. क्यासनूरचा विषाणू आणि त्याचा सौदी अरेबियातला भाऊ अलखुर्मा यांची वाट सुमारे सातशे वर्षांपूर्वी वेगळी झाली, असे त्यांचे उत्तर आले. दोन्ही गट अक्षरे बरोबरच वाचत होते. फरक होता तो किती अक्षरे घेतली आणि बदलाचे घड्याळ किती वेगाने चालते असे धरले, यात. चीनच्या युनान प्रांतातही हा विषाणू सापडल्याचे जाहीर झाले होते, पण त्याची अक्षरे १९५७च्या मूळ वाणाशी इतकी जुळत होती की ती प्रयोगशाळेतली सरमिसळ असावी, असा संशय अभ्यासकांनी घेतला. फार जुळणे हाही पुरावाच असतो, विरुद्ध बाजूचा.

लशीच्या बाबतीत मात्र जनुक वाचून भागले नाही. कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवून फॉर्मेलिनने मारलेल्या विषाणूची लस कर्नाटकात १९९० पासून दिली जात होती. २००५ ते २०१० या काळातल्या पाहणीत दोन मात्रांनी साधारण ६२ टक्के संरक्षण दिले, बूस्टरसह ८३ टक्के. पुढे तिची ताकद चाचणीत कमी भरू लागली आणि २०२२ मध्ये ती बंद झाली. विषाणूच्या ई प्रथिनाची कोणती अक्षरे बदलली ते जनुके वाचणारे यंत्र, सिक्वेन्सर, सांगते. त्या बदलामुळे प्रतिपिंडाची पकड सुटते की नाही, ते पाहायला प्रथिन आणि प्रतिपिंड प्रत्यक्ष समोरासमोर आणावे लागतात, तेही जिवंत विषाणूसह, म्हणजे पुन्हा त्याच कडेकोट प्रयोगशाळेत. वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून नव्या लशीवर काम करत आहेत. ती बाजारात येईपर्यंत काजूच्या बागेत जाणाऱ्याकडे गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायचे तेल आहे, अंगभर कपडे आहेत आणि घरी आल्यावर गरम पाण्याची अंघोळ.