हात शिकाऊ, पण शेजारी कोण?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर दुर्बिणीतून काढायचा ठरला आणि ऑपरेशनचा बराचसा भाग शिकाऊ सर्जन करणार असं कळलं, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. हात मुरलेला हवा, ही अपेक्षा रास्तच आहे. पण कशात मुरलेला? ब्रिटनमध्ये १९९६ ते २००२ या काळात ७९४ रुग्णांवर 'क्लासिक' ही चाचणी झाली. पोट उघडून केलेल्या आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची तीत तुलना होती. त्यातले सर्जन नवखे नव्हते. आधी दुर्बिणीतून किमान २० शस्त्रक्रिया केलेल्या असाव्यात अशी अटच होती. तरीही दुर्बिणीतून सुरू केलेल्या शस्त्रक्रियांपैकी २९ टक्क्यांत शेवटी पोट उघडावंच लागलं. पहिल्या वर्षी हे प्रमाण ३८ टक्के होतं, सहाव्या वर्षी १६ वर आलं. ज्यांचं पोट असं मध्येच उघडावं लागलं, त्यांच्यात गुंतागुंतही जास्त झाली. थोडक्यात, कन्सल्टंट, म्हणजे प्रशिक्षण संपवून स्वतंत्रपणे काम करणारे सर्जनसुद्धा रुग्णांवरच शिकत होते. फक्त त्यांना कुणी शिकाऊ म्हणत नव्हतं.

हे ओळखूनच इंग्लंडने पुढे 'लॅपको' हा राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम आखला, आणि त्यात शिकायला बसले ते कन्सल्टंटच. तिथली पद्धत बघण्यासारखी होती. शस्त्रक्रियेचे टप्पे पाडलेले असत. उजव्या बाजूचं आतडं काढायचं असेल तर ते उचलून रक्तवाहिनी ताणून धरायची, तंबूसारखा उभा राहिलेला पापुद्रा उघडायचा, मागे चिकटलेलं लहान आतड्याचं पहिलं वळण अलगद खाली सोडायचं, मग रक्तवाहिनीला क्लिपा लावून ती कापायची. हे सगळं लांब दांड्याच्या अवजारांनी, आणि हात डावीकडे नेला की पोटातलं टोक उजवीकडे जाणार! प्रत्येक टप्प्याला १ ते ६ गुण. १ म्हणजे तो टप्पा जमला नाही, ५ म्हणजे न सांगता सुरक्षितपणे जमला. शिकणारा आणि शिकवणारा दोघेही गुण देत. शेवटी काटछाट न केलेले व्हिडिओ, करणाऱ्याचं नाव झाकून, परीक्षकांपुढे जात. दुर्बिणीचा एक फायदा इथे कामी येतो. पोट उघडल्यावर खोल जागेत जे एकालाच नीट दिसतं, ते पडद्यावर दोघांनाही सारखंच दिसतं. चुकीच्या थरात शिरणारं टोक गुरूला तत्काळ कळतं आणि अवजार काढून घेता येतं.

देखरेखीखाली शिकाऊ सर्जननी केलेल्या अशा शस्त्रक्रियांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले, तेव्हा अनुभवी सर्जनच्या तुलनेत आतड्याचा जोड गळण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. यावर आक्षेप येतो की शिकाऊंना सोप्या केसेस देतात, मग आकडे चांगलेच येणार. आक्षेप खरा आहे. सडपातळ रुग्ण, लहान गाठ, आधी कधी पोट न उघडलेलं, अशीच निवड होते. पण कुणाला काय झेपेल हे ठरवणं हासुद्धा देखरेखीचाच भाग आहे. त्या आकड्यांवरून शिकाऊ आणि गुरू तोडीस तोड ठरत नाहीत. एवढंच म्हणता येतं की नीट निवडलेल्या रुग्णाला शिकवण्यापायी जास्तीची इजा होत नाही. वेळ मात्र जास्त लागतो, आणि ही किंमत नाकारण्यात अर्थ नाही. ऑपरेशनांची यादी लांबलेली असली की गुरूचा हात अवजाराकडे लवकर जातो. त्यात २००९ पासून ब्रिटनमधल्या शिकाऊ डॉक्टरांचा आठवडा सरासरी ४८ तासांवर आला. थकव्याच्या दृष्टीने ते बरंच झालं, पण शिकायला मिळणारी ऑपरेशनं आटली. शिकाऊला आज बाजूला ठेवलं, तर उद्या कन्सल्टंट झाल्यावर तो पहिली अवघड केस एकट्याने करेल, आणि तेव्हा पडद्याकडे बघणारं दुसरं अनुभवी माणूस खोलीत नसेल.

राहिला संमतीचा मुद्दा, आणि इथे मात्र रुग्णालयं सहसा कमी बोलतात. फॉर्मवरची 'डॉक्टरांचं पथक' अशी मोघम ओळ पुरेशी नाही. कोण कोणता टप्पा करणार, वरिष्ठ पूर्ण वेळ स्क्रब होऊन टेबलाशी असणार की फक्त इमारतीत कुठेतरी, आणि सूत्रं त्यांनी परत हाती कधी घ्यायची, हे रुग्णाने सही करण्याआधी विचारावं. शिकवणाऱ्या सर्जनकडे याची उत्तरं तयार असतात, कारण शिकाऊशी त्याचं हेच बोलणं आधी झालेलं असतं.