न दुखणारं दुखणं

आप्पा ओसरीवर दोर वळत बसले होते. तोच उपकेंद्राच्या नर्सबाई आल्या.

"आप्पा, दंड पुढे करा. रक्तदाब बघू या."

"कशाला हो बाई? मला काय धाड भरली आहे?"

बाई हसल्या. त्यांनी आप्पांना पाच मिनिटं शांत बसवलं. मग दंडाला पट्टी बांधली. आकडे आले १७० आणि १००. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं, तरी तेच.

आपलं हृदय पंपासारखं रक्त ढकलतं. त्या रक्ताचा नळ्यांवर जो जोर पडतो, तो रक्तदाब. हृदय आवळतं तेव्हाचा वरचा आकडा, सैल पडतं तेव्हाचा खालचा. १२० आणि ८० च्या आत असला तर उत्तम. पुन्हा पुन्हा मोजूनही १४० किंवा ९० च्या वर राहिला, तर दाब वाढला असं समजावं.

हा दाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. पण आतल्या नळ्या खराब होत जातात. मग एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो. हृदय किंवा मूत्रपिंडही बिघडतं.

डॉक्टरांनी आप्पांना रोज एक गोळी दिली. दोन महिन्यांत दाब १३० वर आला. आप्पा म्हणाले, "झालो बरा!" आणि गोळी सोडली.

बाईंनी वही पाहिली. आप्पा गोळ्या न्यायला आले नव्हते. त्या तडक घरी आल्या.

"आप्पा, पावसात तुमचं घर गळतं का?"

"छे! कौलं आहेत ना वर."

"मग गळत नाही, म्हणून कौलं उतरवता का?"

आप्पा गप्प झाले. त्यांचे थोरले भाऊ असेच एकाएकी लुळे पडले होते. त्यांनी पुन्हा गोळी सुरू केली.

२०१७ साली आपल्या देशात पाच राज्यांतल्या काही जिल्ह्यांत हेच काम हाती घेतलं गेलं. त्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे होते. दाब मोजायचा, गोळ्या गावाजवळ द्यायच्या, आणि जो आला नाही त्याची चौकशी करायची.

आपणही एवढं करावं. दिवसाचं सगळं मीठ एका लहान चमच्याच्या आत ठेवावं. लोणचं-पापडातलं मीठही त्यातच धरावं. तंबाखू, दारू सोडावी. रोज चालावं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.

तुमची तिशी उलटली आहे ना? मग नर्सबाई आल्या की दंड पुढे करा. दुखायची वाट पाहू नका.