डहाणूच्या धुराला समुद्राचं पाणी

डहाणू खाडीकाठच्या औष्णिक वीज केंद्रात 250 मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. कोळशात गंधक असतं, ते जळलं की सल्फर डायऑक्साइड होतो. 2007 पासून हा वायू इथे समुद्राच्या पाण्याने धुतला जातो. या यंत्रणेला सगळे एफजीडी म्हणतात.

ती सहजासहजी आलेली नाही. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं, आणि 1999 मध्ये त्याने एफजीडी बसवण्याचा आदेश दिला. मधली आठ वर्षं प्राधिकरणाने पाठपुरावा सोडला नाही, याचं मोल चिकूच्या या मुलखाने विसरू नये.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 140 मिलिग्रॅम बायकार्बोनेट असतं. वायू विरघळून आम्ल झालं, की बायकार्बोनेट ते तिथल्या तिथे मारतं. क्रिया क्षणात होते, तर मग धूर धुवायला एवढा थोरला मनोरा कशाला? कारण क्रियेआधी रेणूंची गाठ पडावी लागते. साचलेल्या पाण्यात विरघळलेल्या वायूला नुसतं एक मिलिमीटर सरकायला पाचेक मिनिटं लागतात. हवेत तो हजारो पटींनी झपाट्याने पसरतो. म्हणजे खोळंबा पाण्यातच. म्हणून पाणी वरून सोडायचं, बारीक फोडायचं, खालून येणाऱ्या धुरात घुसळायचं. अंतर दहापट घटलं, तर वेळ शंभरपट घटतो. मनोऱ्याची सारी रचना या एका हिशोबावर उभी आहे.

यात श्यानतेचाही वाटा आहे. काकवीसारख्या दाट द्रवात रेणू रखडले असते; पाणी पातळ, आणि तापलं की आणखी पातळ. 25 अंशांवरून 40 अंशांवर गेलं की त्याची श्यानता पाव हिश्श्याहून जास्त उतरते. पण कोमट पाण्यात वायू कमी विरघळतो, त्यामुळे एकीकडे मिळालेलं दुसरीकडे जातं.

मला मनोऱ्यापेक्षा त्यानंतरची टाकी महत्त्वाची वाटते. मनोऱ्यातून उतरलेलं पाणी आंबट असतं आणि त्यातलं सल्फाइट प्राणवायू खातं. तसंच खाडीत सोडलं तर मासळीचा जीव गुदमरेल. म्हणून त्यात ताजं समुद्रपाणी मिसळतात, तळातून हवा फुंकतात. सल्फाइटचं सल्फेट होतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू वर चढतो. सल्फेट समुद्राला परकं नाही. लिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त ते त्यात असतंच. पण ही क्रिया मनोऱ्यातल्यासारखी क्षणात उरकत नाही. प्राणवायू पाण्यात लिटरमागे जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम मुरतो, म्हणून बुडबुडे बारीक हवेत आणि टाकीचा एकही कोपरा निपचित राहता कामा नये. चिमणीतून किती वायू निसटला हे जितक्या कसोशीने मोजायचं, तितक्याच कसोशीने खाडीत उतरणाऱ्या पाण्याचा सामू आणि प्राणवायूही मोजायला हवा.