तण मेले, पण माती?

खुरपणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. मग शेतकरी पाठीवर पंप घेतो. आठ-दहा दिवसांत तण पिवळे पडते. पण औषधाचे सगळेच थेंब काही पानांवर थांबत नाहीत.

चमचाभर मातीत कोट्यवधी सूक्ष्मजीव असतात. शेतात टाकलेल्या युरियाचा अमोनिया होतो, तोही त्यांच्या विकरांमुळे, म्हणजे एन्झाइममुळे. १९७४ साली बाजारात आलेले ग्लायफोसेट वनस्पतीतले असेच एक विकर बंद पाडते. माणसाच्या शरीरात ते विकर नाही, हे खरे; मात्र बुरशीत आणि बहुतेक जिवाणूंत आहे. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंतसुद्धा!

मातीची धुगधुगी तपासण्याची रीत गमतीची आहे. टीटीसीचे रंगहीन द्रावण मातीत कालवून दिवसभर ठेवायचे. जिवंत पेशींतले डिहायड्रोजनेज काम करत असेल तर लाल रंग उतरतो. तणनाशक फवारल्यावर तो पुष्कळदा फिका पडतो. शिफारशीइतकीच मात्रा असेल तर माती बहुधा काही आठवड्यांत सावरते, कारण काही जिवाणू ते औषधच पचवतात. मात्रा वाढली की सावरणेही लांबते. अन् बाटलीच्या झाकणाने अंदाजे मापून, वर आणखी थोडे ओतणारे हात काही कमी नाहीत.